चौदा नंबरचं झाकण

लामुतान, १० फेब्रुवारी

मानांग ओर्फा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच कचऱ्यात टाकणार असशील तर जरा थांब. आत रडगाणं नाही, भांडणही नाही. बातमी आहे. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नव्हता. ब्रुनेईच्या पोस्टमनला काही तू बंद केलं नसशील.

तर बातमी. कंत्राट मला मिळालं!

झाली ना चिडचिड? होऊ दे. पण पुढचं वाच. अख्ख्या गावातल्या नळांचे आणि गटारांचे नमुने आता मी घेणार. मी, देल्फिना सागायो, जिला शाळेत प्रयोगवहीत कधी पाच मार्क मिळाले नाहीत! पाणीखात्याच्या दारावर कागद लागला तेव्हा माझी व्हॅन चालवणारे मानोंग पिओ आणि मी व्हॅनमध्येच नाचलो. व्हॅनमध्ये नाचणं म्हणजे काय, तर दोघं सीटवर बसून उड्या मारत होतो आणि मागे स्ट्रॉबेरीच्या पेट्या दाणदाण आपटत होत्या. त्या दिवसाचा माल खाली शहरात पोचला तो निम्मा जॅम होऊनच.

ख्रिसमसला जेवताना, मी या कामासाठी अर्ज भरतेय म्हटल्यावर, तू म्हणालीस ते माझ्या कानात अजून आहे. "पाणी म्हणजे स्ट्रॉबेरी नव्हे, देल. स्ट्रॉबेरी नासली तर वास येतो." आणि ताट सारून उठलीस. नानांगने आईच्या मायेने तुझ्यासाठी राखून ठेवलेला मांसाचा तुकडा तसाच राहिला. पण मानांग, नमुने घेणाऱ्या तुम्हा तिघांना केक कापून, लाकडी ढाल देऊन घरी पाठवलं तेव्हाच खात्याचं ठरलं होतं की काम बाहेर द्यायचं. कुणीतरी घेणारच होतं. मनिलाच्या एखाद्या कंपनीने घेतलं असतं तर तू ताट सारलं असतंस का? मग घरात आलं तर काय बिघडलं? माझ्याकडे थंड व्हॅन आहे, बर्फाच्या पेट्या आहेत, डोंगर उतरून दुपारच्या आत शहरात पोचायची सवय आहे. त्यांना तेच हवं होतं.

प्रशिक्षणही झालं हं. नळाच्या तोंडाला ज्योत कशी लावायची, पाणी किती वाहू द्यायचं, बाटलीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोट कसं लावायचं नाही. सगळं शिकले. गटाराचं वेगळं. झाकण उघडून आधी बाजूला व्हायचं, आतली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा खाली सोडायचा. मानोंग पिओ पहिल्या दिवशी नाकाला अत्तराचा रुमाल बांधून आले. डबा वर आला तसे, धाकट्या बहिणीला समजवावं तसे म्हणाले, "आदिंग, वीस वर्षं मी कोबी वाहिला. कोबी कुजला की मला वाटायचं याहून वाईट वास जगात नसेल. मी लहान होतो गं, मला काही कळत नव्हतं."

पाणीखात्याचे इंजिनियर लुस्पियान कराराचा कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "ठरलेल्या जागा, ठरलेल्या बाटल्या, दुपारच्या आत प्रयोगशाळेत. जास्तीचं डोकं चालवू नकोस, देल्फिना. तुझ्या बहिणीने खूप चालवलं." मी कागदावर सही केली. पण मनात म्हटलं, बघाच तुम्ही.

नानांग मजेत आहे. पोट जरा बिघडलंय, शिळा एताग खाल्ला, ते खारवलेलं मांस बाधलं म्हणते. काळजीचं काही नाही.

तुझी (तुला नको असली तरी) धाकटी बहीण,
देल


लामुतान, २७ फेब्रुवारी

मानांग,

उत्तर नाही आलं. येणार नव्हतंच. पण नानांग म्हणाली की रविवारी फोनवर तू विचारलंस, "ती काय करतेय?" नाव घेतलं नाहीस, "ती" म्हणालीस. मला तेवढं पुरतं. तर "ती" काय करतेय ते ऐक.

ती गाजतेय! बाजारात मला आता स्ट्रॉबेरीवाली म्हणत नाहीत. गटारराणी म्हणतात. जीपनीवाला बेनितो मला चढवून घेताना ओरडतो, "सरका, सरका, राणीसाहेब आल्या, नाकं धरा!" अख्खी जीपनी हसते. मीही हसते. पण परवा त्याच बेनितोने हळूच विचारलं, "आमच्या गल्लीच्या नळाचं पाणी पोरांना द्यायला हरकत नाही ना?" मी म्हटलं, "बिनधास्त दे." मानांग, हे बोलताना काय वाटतं ते तू मला कधी सांगितलंच नाहीस. इतकी वर्षं हे सुख एकटीनेच खाल्लंस!

आता खरी फुशारकी. सगळे नळ स्वच्छ आले. एकही बाटली नापास नाही. आणि गटार? कॉलेजच्या टेकडीखालचं चौदा नंबरचं झाकण आठवतंय ना, ज्याला तू लामुतानचं नरकद्वार म्हणायचीस? वर मुलांची ती सगळी वसतिगृहं आणि त्यांचं सगळं खाली. तर त्या चौदाचं पाणी इतकं स्वच्छ निघालं की प्रयोगशाळेतल्या मुलीने फोन करून विचारलं, "बाटली चुकली नाही ना? हे गटाराचं आहे की ओढ्याचं?" मी म्हटलं, "बाई, गटाराचंच. पण काम बदललंय आता." पुढच्या आठवड्यात आणखी स्वच्छ! खात्यातही सगळे खूश. लुस्पियानसाहेबांनी आकड्यांचा तक्ता रंगीत छापून भिंतीवर लावला.

आता सांग, तुझ्या काळात चौदा नंबर कधी असा आला होता? म्हणजे मी काही जादू केली असं म्हणत नाही. पण आला, एवढं खरं.

नानांगचं पोट अजून तसंच आहे. दवाखान्यात नेलं, मीठसाखरेची पुडी दिली. तिला म्हटलं, काही दिवस कॉफी बंद कर. ती ऐकते होय! पहाटे उठून कॅन घेऊन लामीस झऱ्यावर जाते आणि त्याच पाण्याची कॉफी. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणे. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्यामागून जातात. तिथे कपडे सोडून सगळ्या जगाची धुणी धुतली जातात. तुझं माझं भांडण तर तिथे रोज नव्याने होतं.

जत्रा जवळ आलीय. हॉटेलं भरली. पाऊस डिसेंबरपासून नाही, त्यामुळे टँकरवाल्यांची चंगळ. बाजारामागे तीन मजली पार्किंग बांधतायत, दिवसभर धाड धाड खांब ठोकणं चालू. कान किटले.

देल


लामुतान, १३ मार्च

मानांग,

तू फोन केलास! मला नाही, नानांगच्या फोनवर. पण पहिलं वाक्य काय होतं? "त्या गाढवाला फोन दे." मानांग, मला इतका आनंद झाला की मी "हो, गाढव बोलतेय" म्हणाले.

तू हसली नाहीस. कामाचं तेवढं बोललीस आणि ठेवलास. म्हणून उरलेलं लिहिते. आपलं बोलणं मी शब्दन् शब्द लिहून ठेवतेय, कारण ते डोक्यातून जातच नाही.

तू म्हणालीस, "तुझं पत्र मिळालं. चौदा नंबरला पाणी किती होतं?"

"अगं, स्वच्छ होतं..."

"स्वच्छ किती ते विचारलं नाही. किती होतं? डबा बुडत होता का?"

"आडवा करून भरावा लागला."

"सकाळी?"

"हो, सातला."

मग तू एका दमात म्हणालीस, "सकाळी सातला टेकडीवरची सगळी पोरं एकदम आंघोळीला जातात. त्या वेळी चौदाचं झाकण उघडलं की खालून नदीसारखा आवाज येतो. आणि तुझा डबा बुडत नाही. देल, गटार स्वच्छ होत नसतं. घाण तिथे पोचत नाहीये. मग ती जातेय कुठे?"

मानांग, चौदाच्या खाली काय आहे हे मला माहीत नाही का? डोंगर उतरला की लामीस झरा.

"झऱ्याची बाटली शेवटची कधी घेतलीस?" तू विचारलंस.

"झरा करारात नाही."

"माझ्याही कामात नव्हता," तू म्हणालीस. "जाता जाता एक बाटली भरायचे. दर सोमवारी. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून तुमच्या करारात आलं नाही." आणि मग, "मागे कसला टिंग टिंग आवाज येतोय? चर्चमध्ये आहात का?"

मी हो म्हणाले.

आता सांगते. ते चर्च नव्हतं. नानांगच्या खाटेशेजारचं यंत्र होतं. मंगळवारी ती अंगणात पडली, अंगातलं सगळं पाणी गेलं होतं. सलाइन लावलं होतं. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू इतक्या लांब, विमानाचं तिकीट काढून धावत येशील, नोकरी जाईल, आणि वर तिचाच दम होता, "ओर्फाला कळवलंस तर बघ." आता बरी आहे, खोटं नाही. नर्सशी भांडते आहे. कॉफी मागते आहे. पण त्या खोलीत आपल्या गल्लीतली ती एकटी नाही. पलीकडच्या खाटेवर बेनितोची बायको आहे. एका खाटेवर दोन पोरं झोपवलीत.

फोन ठेवला आणि मी तशीच लुस्पियानसाहेबांकडे गेले. ते जत्रेच्या बैठकीतून बाहेर येत होते, गळ्यात फुलांची माळ. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नळ स्वच्छ आहेत ना?"

"आहेत. नळाला औषध टाकता तुम्ही. झऱ्याला कोण टाकतं?"

"पोटं उन्हाळ्यात बिघडतातच. आणि झरा बंद केला तर टँकर बंद. टँकर बंद तर हॉटेलं बंद. शनिवारी जत्रा आहे, देल्फिना! कशावर बंद करू? एका डब्यावर? पुरावा आण."

"झऱ्याची बाटली मी स्वतः भरून पाठवते."

"पाठव. निकाल सोमवारच्या आधी येणार नाही. आणि ऐक, करारात लिहिलंय, निकाल आधी आमच्याकडे येतो, गावाकडे नाही. तू नमुने घेणारी आहेस. बातमीदार नव्हेस."

ते वाईट माणूस नाहीत, मानांग. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, माळेतली फुलं खुडत होते.

बाहेर आले आणि तुला फोन लावला. लागणार नाही हे माहीत असून लावला. आणि लागला! तू मला उघडलं होतंस. कधी उघडलंस? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. मी म्हटलं, पुरावा हवा म्हणतात आणि जंतू सोमवारपर्यंत दिसणार नाहीत.

तू म्हणालीस, "जंतू दिसायला दिवस लागतात. रंग दिसायला डोळे लागतात. माझ्या खाटेखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात लाल भुकटी आहे. उघड्या हाताने घेऊ नकोस, आठवडाभर बोटं रंगलेली राहतील. कुणाला अपाय नाही तिचा. वर टाक, खाली बघ."

मी आत्ता तुझ्या खाटेवर बसून लिहितेय. डबा मांडीवर आहे. मला भीती वाटतेय आणि खरं सांगू, इतकी मजाही कधी वाटली नव्हती.

देल


लामुतान, १५ मार्च

मानांग! मानांग! मानांग!

फोनवर तुला अर्धं कळलं, कारण मी ओरडत होते आणि मागे सगळं गाव ओरडत होतं. आता नीट सांगते. करंगळी अजून हिरवी आहे. हातमोज्याला भोक होतं.

मानोंग पिओंना भुकटी देऊन वर पाठवलं. वसतिगृहाची मालकीण दोन्या सिसिना तुला माहीतच आहे. पिओ म्हणाले, "तुमच्या संडासात एक औषध टाकायचंय." ती म्हणाली, "कसलं औषध?" पिओंना काही सुचेना. म्हणाले, "बाई, खरं सांगतो, तुमची घाण हरवलीय. शोधायचीय." ती इतकी हसली की तिने स्वतःच चारही संडासांची दारं उघडून दिली आणि पोरांना हुकूम सोडला, "सगळ्यांनी एकदम पाणी सोडा रे!" पोरांना असलं काम मिळालं तर काय! मजल्यामजल्यावरून धबाधबा पाणी सुटलं.

मी खाली झऱ्यावर. सकाळची रांग लागलेली. कॅन, बादल्या, सगळ्या बायका. टँकर उभा, त्याचा पाइप कुंडात. ड्रायव्हर जत्रेसाठीच्या हॉटेलांचं पाणी भरत होता. मी म्हटलं, "आज कुणी भरू नका. थोडा वेळ थांबा."

"का?" सगळ्यांचा एकच प्रश्न.

"पाण्यात घाण मिसळतेय असं वाटतंय."

"वाटतंय?" म्हातारी आपो दुगायेन पुढे आली. "आमच्या आज्यापणज्यांनी हे पाणी प्यालं. तू कोण गं? स्ट्रॉबेरीवाली ना? तुझ्या बहिणीने सांगितलं असतं तर ऐकलं असतं."

"तिनेच सांगितलंय!" मी ओरडले.

मानांग, तुझं नाव घेतल्यावर रांग थांबली. सगळ्या नाही, पण निम्म्याहून जास्त बायकांनी कॅन खाली ठेवले. मी तिथे होते, बूट घालून, पेट्या घेऊन, खात्याचं ओळखपत्र गळ्यात. त्याने कुणी थांबलं नाही. समुद्रापलीकडच्या तुझ्या नावाने थांबले. मला राग आला का? थोडा. पण त्या वेळी राग करायला वेळ नव्हता.

वेळ गेला. काही नाही. पाणी काचेसारखं. टँकरवाला म्हणाला, "झऱ्याला काय विचारतेयस, राणीसाहेब? तो बोलत नाही." लोक हसले. मी डोळे फाडून पाण्याकडे बघतेय, पाणी माझ्याकडे. कुणीतरी कॅन उचलला, मग दुसरीने. उन्हं कुंडापर्यंत आली. मला वाटायला लागलं की चूक झाली, मानांगची चूक झाली, आता गाव माझी खिल्ली उडवणार आणि कंत्राटही जाणार.

आणि तेवढ्यात आपो दुगायेन म्हणाली, "हे काय?"

खडकाच्या फटीतून एक धागा आला. बारीक, हिरवा. कोवळ्या भातासारखा नाही, त्याहून झगझगीत, जणू आत दिवा लावलाय. मी म्हटलं डोळ्यांचा भास. मग धाग्याची दोरी झाली, दोरीची वेणी झाली, आणि बघता बघता सगळं कुंड हिरवंगार! लाल भुकटी हिरवी होते हे तू मला का सांगितलं नव्हतंस? मी लाल पाणी शोधत बसले होते!

सगळ्यांच्या मनात एकच हिशेब चालला होता. वरच्या संडासातून खाली आपल्या कॅनमध्ये. मग एक बाई बाजूला जाऊन ओकली. आपो दुगायेनने आपला कॅन उलटा केला आणि हिरवं पाणी तिच्या पायांवरून वाहिलं. टँकरवाल्याने पाइप ओढून काढला, त्यातूनही हिरवी धार. तो आपल्या टँकरकडे असा बघत होता जणू आत साप शिरलाय.

लुस्पियानसाहेब आले. कुणीतरी फोन केला असणार. पायात जत्रेचे चकचकीत बूट. "कोणी टाकलं हे? कुणाच्या परवानगीने?" ओरडत खाली उतरले आणि कुंडापाशी येऊन थबकले. मला वाटलं आता मला झापणार. ते म्हणाले, "माझी आई पण इथलंच पाणी पिते."

मग बुटांसकट कुंडात उतरले आणि टँकरच्या लाईनचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद करायला लागले. गंजलेला होता, फिरेना. मी उतरले, टँकरवाला उतरला. तिघांनी मिळून फिरवला. साहेबांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत हिरवी!

मी तुला तेव्हाच फोन लावला. तू विचारलंस, "आला?" मी म्हटलं, "हिरवा! हिरवा!" आणि पलीकडून तू नाक ओढलंस.

मी कुणाला सांगणार नाही.

देल


लामुतान, ५ एप्रिल

मानांग,

नानांग घरी आली. सगळ्यांत आधी हे. अंगणात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हिरव्या पाण्याची गोष्ट सांगते, जणू तिथे तीच होती. कॉफी आता नळाच्या पाण्याची, उकळून. तोंड वाकडं करते पण पिते. बेनितोची बायको घरी आली, पोरंही. कुणी दगावलं नाही. देवाची कृपा म्हण, नाहीतर तुझ्या बिस्किटाच्या डब्याची.

खणून बघितलं तर पार्किंगच्या खांबाने जुनी गटारवाहिनी आरपार फोडलेली. महिनाभर सगळी टेकडी जमिनीत जिरत होती. ठेकेदार म्हणतो, नकाशात लाईन तिथे नव्हतीच. जत्रा झाली, थोडी सुकी झाली. हॉटेलवाल्यांनी खालच्या शहरातून पाणी आणलं. फुलांचे रथ निघाले आणि कॉलेजच्या पोरांनी रथांमागून हिरवे चेहरे रंगवून मिरवणूक काढली. लोक हसून लोळले.

आणि मला नोटीस आली. हो! परवानगीशिवाय सार्वजनिक पाण्यात रंग टाकला, कराराबाहेर काम केलं, निकालाआधी गावाला कळवलं. काम तूर्त थांबवलं. मी परत स्ट्रॉबेरी वाहतेय. वाईट वाटलं का? वाटलं. पण मानोंग पिओ म्हणाले, "आदिंग, आपल्याला काढलं, पण आता झऱ्यावर रोज चार जण बाटली घेऊन जातात. हरलो कसे?"

काल गावसभा होती. चर्चच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. लुस्पियानसाहेबांनीच विषय काढला. म्हणाले, "करार मी लिहिला. जे कागदावर होतं तेवढंच लिहिलं. जे एका बाईच्या पायांना माहीत होतं ते कागदावर नव्हतं." सगळ्यांना कळलं कोणती बाई.

मला बोलायला सांगितलं. उभी राहून बोलले. म्हटलं, काम बाहेर द्या, मला द्या, दुसऱ्याला द्या, पण झरा करारात घाला, आणि निकाल बाजारात फलकावर लावा. आणि नमुने घेणाऱ्यावर नजर ठेवणारं कुणीतरी खात्यात ठेवा. कारण चौदा नंबरचं पाणी स्वच्छ आलं तेव्हा मी खूश झाले होते. माझ्यासारखी खूश झाली तर तिला गाढव म्हणणारं कुणीतरी पगारावर हवं.

सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. मागून आपो दुगायेन ओरडली, "मग ओर्फाला बोलवा की!"

साहेब खाली बघत म्हणाले, "तिला कुठल्या तोंडाने विचारू?"

मानांग, तुला मी विचारत नाहीये. हे पत्र त्यासाठी नाही. तुझं तिथे चांगलं चाललंय, हॉटेलच्या तलावाचं निळं पाणी, एसीतली खोली. मी फक्त काय झालं ते सांगतेय.

फक्त सांगतेय हं.

देल


लामुतान, २४ मे

मा. निरीक्षक, पाणीखाते, यांस,

विषय: कालच्या सहा बाटल्या नापास केल्याबद्दल लेखी खुलासा.

आपण कळवल्याप्रमाणे पेटीतला बर्फ वितळला होता हे खरं आहे. बाजारात डुकरांचा ट्रक आडवा झाल्याने व्हॅन अडकली. पर्यायी रस्ता घ्यायला हवा होता. घेतला नाही. बाटल्या उद्या पुन्हा भरून देईन. कळावे.

सरकारी भाग संपला. आता माझा.

मानांग, तुझ्या नेमणुकीचं मला फाटकावरच्या वॉचमनकडून कळावं? "तुमची बहीण सोमवारपासून रुजू होणार ना, मॅडम?" म्हणाला आणि मी येड्यासारखी बघत राहिले. साहेबांनी तुला सभेच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला होता, तू त्याच आठवड्यात राजीनामा दिला होतास, नानांगला सगळं माहीत होतं, आणि माझं काम मला परत मिळालं तेही तुझ्या शिफारशीच्या पत्रावर! सगळे गप्प! म्हातारी तर म्हणते, "तुम्ही दोघी माझ्यापासून लपवता, मग मी का नको?"

आणि बसस्टँडवर? मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तू उतरलीस, मी तुझी बॅग घेतली. तू म्हणालीस, "जड आहे." मी म्हटलं, "घेते." झालं. एवढंच. घरी येऊन तू राखून ठेवलेल्या भांड्यातून वाढून घेतलंस आणि म्हणालीस, "मीठ जास्त झालंय." नानांग तोंड लपवून रडत होती आणि आपण दोघी मिठावर वाद घालत होतो.

काल माझी अख्खी पेटी तू सगळ्या ऑफिससमोर परत केलीस. बोट घालून बर्फ बघितलास, थर्मामीटर लावलास, माझ्याकडे मान वर न करता शिक्का मारलास. पिओ दारातून कुजबुजले, "सख्खी बहीण आहे ना ही?" मी इतकी चिडले की जिन्यावरून खाली जाईपर्यंत तुला दहा नावं ठेवली. खालच्या पायरीवर आल्यावर लक्षात आलं, मी हसतेय. बेनितो रस्त्यातून ओरडला, "राणीसाहेब, नापास झालात म्हणे!" मी ओरडून सांगितलं, "हो! पूर्ण नापास!" आणि त्याच्या जीपनीतले लोक टाळ्या वाजवायला लागले, कारण त्यांना कळलं की आता कुणीतरी नापास करतं.

उद्या सकाळी टेकडीवरच्या नव्या लाईनचं पहिलं झाकण उघडायचंय. नियमात लिहिलंय की निरीक्षकाने लांब उभं राहून फक्त बघायचं, डब्याला हात लावायचा नाही.

बघू या तुला जमतं का.

देल